बाहेरचे उपकरण जोडू नये

चौकशी अधिकारी साहेब, खोटारडे तुम्ही आहात, माझी बहीण नव्हे.

'साक्षीदाराने साक्ष चालू असताना स्वतःच्या हाताने आवाजयंत्र बंद केले, सबब तिला पुढे काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येत आहे.' हे वाक्य तुम्ही सांगितलंत, तुमच्या टायपिस्टनं टाइप केलं, आणि चहाचा घोट घेऊन तुम्ही पुढचं नाव पुकारलंत. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उलटी तोंडापर्यंत आली होती, हॉलची फरशी खराब नको म्हणून गिळली. ती आता इथे ओकते आहे. कुणाच्या अंगावर उडाली तर पुसून घ्या.

बाहेरच्या माणसांना आमच्या इचलकरंजीतलं सायझिंग ठाऊक नसतं, म्हणून सांगते. सुताला खळ लावायची, वाफेवर वाळवून मोठ्या रुळावर गुंडाळायचं, मग तो रूळ, म्हणजे बीम, मागावर चढतो. वाफ बॉयलरमधून येते. बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब फार वाढला की तो आपोआप उघडतो, वाफ किंचाळत बाहेर जाते आणि आतली माणसं जिवंत राहतात. पण त्याच्या दांड्याला जादा वजन टांगलं की तो उघडत नाही. दाब चढतो, काम भराभर होतं, मालक खूश. असं कितीतरी दिवस चालतं. मग एक दिवस भिंत राहत नाही.

माझी थोरली बहीण मालन बुगड. मी तिला अक्का म्हणते. तिचा मुलगा प्रवीण त्या सायझिंगमध्ये फायरमन होता, म्हणजे बॉयलर सांभाळणारा. अक्का त्याच मालकाच्या शेजारच्या शेडमध्ये मागावर. दुपारी ती पोराचा डबा घेऊन गेली, तेव्हा प्रवीण मालकाच्या धाकट्या भावाला, विक्रांतला, सांगत होता, "दाब लई चढलाय शेठ, वाफ सोडतो."

"सोड म्हणून कुणी सांगितलं तुला? वजन टांग."

"नको शेठ. हाय ह्येच जास्त हाय."

विक्रांतनं मग स्वतःच्या हातानं वजन टांगलं आणि हात झटकून गाडीत जाऊन बसला. अक्का पोराला म्हणाली, चल घरी, मरू दे ह्यांचं काम. पोरगा म्हणाला, एवढं बीम होऊ दे आई, मग जेवतो.

तेवढ्यात बॉयलर फुटला. त्या स्फोटात प्रवीण गेला, आणखी दोघं गेले. अक्का दारात होती. गरम वाफ तिच्या श्वासाबरोबर आत गेली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याला भोक राहिलं. त्यातून ती श्वास घेते.

आणि पहिल्या अहवालात काय आलं? फायरमननं कामचुकारपणा करून स्वतःच वजन टांगलं. मेलेला माणूस उलट बोलत नाही, एवढी अक्कल तुम्हा सरकारी माणसांना आहे. प्रवीणची पोरगी शाळेत गेली की पोरं म्हणायची, हिच्या बापानं माणसं उडवली. म्हणून दुसरी चौकशी लागली. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं असं एकच माणूस जिवंत होतं, आणि त्या माणसाला गळा नव्हता.

*

आता यंत्राबद्दल.

माणूस बोलायला जातो तेव्हा मेंदू गळ्याच्या, जबड्याच्या, जिभेच्या स्नायूंना बारीक विजेचे इशारे पाठवतो. स्वरयंत्र काढलं तरी इशारे येतच राहतात. घर पाडलं तरी पोस्टमन पत्र घेऊन येतो, तसंच हे. गळ्याभोवती एक पट्टा बांधतात, तो हे इशारे पकडतो. कमरेला साबणाच्या वडीएवढी एक पेटी असते. तिच्यातला छोटा कॉम्प्युटर इशाऱ्यांवरून शब्द ओळखतो आणि माणसाच्या स्वतःच्या जुन्या आवाजात बोलून दाखवतो. सरकारी योजनेतून अक्काला हे मिळालं, ते नाकारत नाही. करणाऱ्यांनी खरोखर मोठं काम केलंय.

जुना आवाज परत करायला जुनी रेकॉर्डिंग लागतात. आमच्यासारख्यांची कोण रेकॉर्डिंग करून ठेवतं? तेवढ्यात प्रवीणच्या बायकोला, रेश्माला, आठवलं. स्फोटाच्या दिवशी प्रवीणचा फोन घरी चार्जिंगला राहिला होता. अक्कानं त्याला बोलून पाठवलेले सगळे निरोप त्यात होते. जेवलास का. येताना कोथिंबीर आण. ऊन लई हाय, टोपी घाल. एवढ्यावरच पेटीनं अक्काचा आवाज बांधला.

म्हणून त्या आवाजाला एकच चाल येते, पोराला जेवायला हाक मारायची. काहीही बोलली तरी तेच. पाणी घातलं म्हणून दूधवाल्याला तिनं सणसणीत शिव्या दिल्या, तर तो दारात उभा राहून म्हणाला, "मालनकाकू, ह्या शिव्या हायत का आशीर्वाद?" आम्ही हसलो. रेश्मा हसली नाही. पहिल्यांदा पेटीतून "रेश्मा, पोरगी जेवली का?" आलं तेव्हाही ती उठून बाहेर गेली होती. तो स्वर तिच्या नवऱ्यासाठी होता.

आणखी एक. अक्का म्हणते 'न्हाई', पेटी म्हणते 'नाही'. पेटीला आमची बोली शिकवायला वरून परवानगी नव्हती. आवाज अक्काचा, भाषा बातम्यांची. घरात ती पट्टा काढून ठेवायची आणि नुसत्या ओठांनी बोलायची. आम्हाला त्याची अडचण नाही. मागाच्या खडखडाटात अख्खं आयुष्य काढलेली माणसं आम्ही. शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, सगळा कारभार ओठांवर चालतो. शेडच्या ह्या टोकावरून त्या टोकावरच्या बाईची चहाडी करता येते.

*

मधल्या काळात तुमचा कायदा आला. आवाजाच्या नकला फार झाल्या होत्या. कुणाच्याही आवाजात कुणीही कर्ज मागायचं, मेलेली माणसं फोनवर मतं मागायची. म्हणून ठरलं की यंत्राचा आवाज पुराव्यात धरायचा तर यंत्र प्रमाणित पाहिजे, त्याला सील पाहिजे, आतलं एक अक्षरही बदललेलं नको. शिवाय तो आवाज हवेतून आलेला चालणार नाही, केबलनं थेट तुमच्या रेकॉर्डरमध्ये गेला पाहिजे. म्हणजे मधे कुणी लबाडी करणार नाही. सील तुटलेल्या यंत्राचा आवाज बनावट, आणि चारचौघांत तो वापरणं गुन्हा.

इथपर्यंत मला पटतं. पण अक्काच्या पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय: 'बाहेरचे उपकरण जोडू नये.'

कायदा म्हणतो, जोडलंच पाहिजे. पुस्तिका म्हणते, जोडू नका. दोन्हींवर सिंह एकच.

अक्कानं लिहून देते म्हटलं, तर विक्रांतचा वकील म्हणाला, लिहिणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते दिसत नाही, उलटतपासणी तोंडीच हवी. तुम्ही मान डोलावलीत. यंत्र दिलेलं असताना साक्षीदारानं यंत्रानंच बोलावं, असा नियमही काढून दाखवलात.

पहिल्या तारखेला तुमच्या माणसानं चालू पेटीला केबल जोडली. अक्का म्हणाली, "माझं नाव मा—" आणि पेटी मेली. अक्काचा हात झटकन कमरेकडे गेला, तिनं बटण दाबलं. पेटी उठता उठता पुन्हा मेली. पुन्हा बटण. शेवटी पेटीवर लाल दिवा लागला तो लागलाच. तुम्ही म्हणालात, दुरुस्त करून आणा.

*

कोल्हापूरच्या केंद्रात निमिष नावाचा इंजिनिअर आहे. तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. त्यानं पेटी त्याच्या कॉम्प्युटरला लावली आणि बघता बघता म्हणाला, "हं. साउंड सर्व्हर क्रॅश."

"मराठीत सांगा," मी म्हटलं.

वाईट शिकवत नाही तो. म्हणाला, "मावशी, पेटीत लिनक्स नावाची प्रणाली चालते. त्यात साउंड सर्व्हर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तो म्हणजे चौकातला हवालदार समजा. आवाज तयार झाला की तो कुठल्या रस्त्यानं पाठवायचा, पेटीच्या स्पीकरला की केबलला, हे तो ठरवतो. आवाज म्हणजे एका सेकंदात हजारो तुकडे. पेटी अठ्ठेचाळीस हजार तुकडे करते. हॉलमधलं रेकॉर्डर जुनं, ते चव्वेचाळीस हजार शंभरच मागतं. हवालदारानं मधे उभं राहून मेळ घालायचा असतो. आपल्या व्हर्जनमध्ये नेमकी तिथं चूक आहे. पेटी चालू असताना नवीन उपकरण आलं आणि आवाज सुटला की तो गोंधळतो आणि पडतो."

"मग उठवत का न्हाई कोण?"

"सिस्टीम आपोआप उठवते, थोडा वेळ लागतो. पण तेवढ्यात कुणी बटण दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. असं लागोपाठ झालं की सिस्टीम म्हणते, हा काही उभा राहत नाही, आणि उठवायचंच सोडून देते. मग सील काढून आम्हालाच चालू करावं लागतं." तो अक्काकडे बघून हसला. "काकूंनी बटण दाबायची घाई केली. वापरकर्त्याची चूक."

वापरकर्त्याची चूक! अरे, ती मागवाली आहे. धागा तुटला, माग थांबला, की मागवालीचा हात विचार न करता दांड्यावर जातो. माग बंद म्हणजे मजुरी बंद. अख्खी जवानी तिनं एकच गोष्ट केली, थांबलेलं यंत्र त्याच क्षणी चालू करणं. हात तोडला तरी खांदा जाईल बटणाकडे. यंत्र कुणाच्या कमरेला बांधायचंय हे बांधणाऱ्यानं बघायला नको?

अक्का ओठांनी काहीतरी म्हणाली. निमिषनं माझ्याकडे बघितलं.

"ती इचारतीया, चूक म्हाईत हाय तर काढत का न्हाई?"

"काढलेली आहे की. बाहेर जगात ही चूक कधीच दुरुस्त झाली. दोन-चार ओळींचं काम. पण आपलं जुनं व्हर्जन प्रमाणित आहे. ओळ बदलली की प्रमाणपत्र जातं. नवीन प्रमाणपत्राचा विषय वर आहे."

"वर कुठं?"

त्यानं बोट वर केलं. मी वर बघितलं. छतावर पाल होती.

मग त्यानं युक्ती सांगितली. आधी केबल जोडायची, मग पेटी चालू करायची, म्हणजे हवालदार उठल्याबरोबर त्याला तो रस्ता आधीपासूनच दिसतो. एकदा बोलणं सुरू झालं की दुसरं काही जोडायचं नाही. आणि बंद पडलंच तर हात लावायचा नाही. त्यानं आतून पेटी चालू करून नवीन सील चिकटवलं.

त्या दिवसापासून घरात तालमी. रेश्मा मुद्दाम पेटी बंद करायची, अक्कानं हात मांडीवर ठेवायचा. दर वेळी हात आधी जायचा, मग अक्का कपाळाला हात लावायची. "आत्या, हात!" रेश्मा सासूवर ओरडायची. पोरगीपण ओरडायला शिकली, "आज्जी, हात!" शेवटी अक्कानं युक्ती काढली, उजवा हात पदरात घट्ट गुंडाळून घ्यायचा.

*

दुसऱ्या तारखेला हॉल भरला होता. मागवाले, सूत भरणाऱ्या कांडीवाल्या, माग दुरुस्त करणारे जॉबर, मेलेल्या तिघांचे घरचे. विक्रांत पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टात. निमिषही होता, तांत्रिक तज्ज्ञ म्हणून.

आधी केबल, मग पेटी. अक्काचा हात पदरात. आणि आवाज आला. तुमच्या हॉलच्या कर्ण्यांमधून आमच्या अक्काचा आवाज, पोराला जेवायला बोलवावं तसा.

"माझं नाव मालन बुगड. मी डबा घेऊन गेले होते. प्रवीण म्हणाला, दाब फार आहे, वाफ सोडतो."

रेश्मानं माझा दंड धरला होता. नखं रुतत होती.

"धाकटे मालक तिथं उभे होते. ते म्हणाले..."

"एक मिनिट साहेब," विक्रांतचा वकील उठला. "मला नीट ऐकू येत नाही. मी माझा हेडफोन पेटीलाच लावून घेतो."

मी उठून ओरडले, "लावू नका! पेटी पडंल!" तुम्ही मला बसायला सांगितलंत आणि त्याला हात केलात, घ्या लावून. हेडफोन त्यानं पिशवीत शोधला नाही. कोटाच्या खिशात तयार होता, वायर उलगडून. निमिष त्याच्या शेजारीच बसला होता. त्यानं बुटांकडे बघितलं.

खट्. पेटी मेली.

अक्कानं दात आवळले. हात पदरात वळवळला. मी मनात म्हणत होते, थांब, थांब, उठेल ती आपोआप. पण समोर पोराचा मारेकरी, अर्ध्यात अडकलेलं वाक्य आणि बंद पडलेलं यंत्र. पदर सुटला. बटण. पुन्हा बटण. पुन्हा. लाल दिवा.

तरी ती थांबली नाही. पट्टा उपसून टाकला आणि ओठांनी सांगायला लागली, तुमच्याकडे नाही, हॉलकडे तोंड करून. आणि हॉलनं ऐकलं. सगळ्यांनी. मागच्या रांगेतून एक जॉबर ओरडला, "आलं की ओ ऐकू! विक्रांत शेठनं सोताच्या हातानं टांगलं म्हनत्यात त्या!"

"शांतता," तुम्ही म्हणालात. "सभागृहात अद्याप कोणीही काहीही बोललेले नाही."

रेश्मा उभी राहिली. "साहेब, आत्या काय म्हनत्यात ते मी सांगते."

"आपण नोंदणीकृत दुभाषी आहात?"

"मी सून हाय."

"कोणत्या भाषेच्या?"

शेडमधल्या बोलण्याला नाव कुणी ठेवलंय? आणि तुमच्या यादीत बिननावाची भाषा नसते.

मग तुम्ही निमिषला उभं केलंत. बटण कुणी दाबलं? साक्षीदारानं. यंत्रात बिघाड आहे काय? मला वाटलं, बोलेल. आई असेल ह्याला. तो म्हणाला, "यंत्र प्रमाणित आहे, सर."

विचारलं काय आणि सांगितलं काय! तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. ते वाक्य टाइप झालं. चहा आला.

*

पेटी आता मुकी. केंद्रानं कळवलं, चौकशी संपेपर्यंत सील काढता येणार नाही. आणि चौकशी संपत आली होती, कारण साक्षीदाराला काही सांगायचंच नव्हतं.

मी म्हटलं, "सील फोडूया. त्या अस्लमकडनं दुरुस्त करून घेऊ, आणि अक्का बोलंल गावासमोर."

अस्लम बागवान आमच्या गल्लीतला साउंडवाला. मिरवणुकीत घराएवढ्या भिंती उभ्या करतो, आणि वर्षभर आमच्या शिव्या खातो.

रेश्मा भडकली. "मावशी, तुमचं काय जातंय? सील फुटलं की आत्यांचा आवाज खोटा. मग वर अर्ज करायचाबी रस्ता ऱ्हाणार न्हाई. ह्यांच्या नावावरचा डाग कागदावरनं पुसायचाय मला, गावात ओरडून काय मिळणार?"

"कागद कोण लिवतंय बघितलंस न्हवं?"

"मग काय झालं? दुसरा येईल कोणतरी. चांगला."

"येईल. वरनं. पालीबरोबर."

"तुमाला पोर न्हाई म्हणून बोलता," रेश्मा म्हणाली. म्हणाली ते म्हणाली. मी उठून चुलीपाशी गेले.

अक्का सगळं बघत होती. तिनं रेश्माला हाताला धरून समोर बसवलं आणि ओठांनी हळूहळू सांगितलं, एकेक शब्द, लहान पोराला भरवावं तसं. "तू म्हणशील तसं. नवरा तुझा हुता. पण मी किती दिवस जगंन ठावं न्हाई. मी गेल्यावर तुझ्याकडं काय ऱ्हाईल? कागद न्हाई आन् आवाजबी न्हाई."

रेश्मानं पेटी मांडीवर घेतली. सीलवरून अंगठा फिरवत बसली. मला वाटलं, रडेल. तिनं नख घातलं आणि एका झटक्यात सील उचकटलं, जखमेवरची पट्टी काढावी तसं.

अस्लमनं दुपारभर काम केलं. मधेमधे स्वतःशीच शिव्या देत होता, अक्का हसत होती. "काकू, ह्यांनी फुटकी मोरी सिमेंट लावून जपून ठेवलीय," म्हणाला. मग त्यानं अक्काला बोलत ठेवलं आणि एकेक वस्तू जोडत गेला. हेडफोन, माइक, मिक्सर, शेवटी त्याची ती राक्षसी भिंत. पेटी पडली नाही. अक्का म्हणत होती, "कोथिंबीर, कोथिंबीर, कोथिंबीर," आणि सगळी गल्ली हादरत होती.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटायच्या वेळी अस्लमचा टेंपो सायझिंगच्या फाटकासमोर उभा राहिला. अक्का वर चढली. रेश्मा तिच्या शेजारी, पोरगी हाताला. गुन्हा आहे, हे आम्हा तिघी मोठ्यांना माहीत होतं. मी खाली उभी होते.

अक्का म्हणाली, "वजन विक्रांतनं टांगलं. स्वतःच्या हातानं टांगलं. माझा प्रवीण नको म्हणाला होता. मी बघितलं."

एवढंच. पण तो आवाज! रागाचा एक सूर नाही त्यात. ऊन फार आहे, टोपी घाल, तसा. खुनाचा आरोप इतक्या मायेनं कुणी केला नसेल. शेडमधले माग एकेक करून थांबत गेले. कुणाचा धागा तुटला नव्हता. माणसं दारांत येऊन उभी राहिली, आणि कुणाचाही हात दांड्याकडे गेला नाही. विक्रांत वरच्या खिडकीत दिसला. मग खिडकी बंद झाली.

*

त्याच आठवड्यात पोलीस आले. बिचारा हवालदार कागद वाचताना दोनदा थांबला.

आरोपी: मालन बुगड. गुन्हा: मालन बुगड या व्यक्तीच्या आवाजाची अप्रमाणित यंत्राद्वारे बनावट नक्कल करून ती सार्वजनिक ठिकाणी वापरणे. जिच्या आवाजाचा गैरवापर झाला ती पीडित व्यक्ती: मालन बुगड.

"म्हंजे हिनं हिलाच फसवलं?" मी विचारलं.

"तसं दिसतंय बाई," तो म्हणाला आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

पट्टा आणि पेटी मुद्देमाल म्हणून नेली. जेवलास का, कोथिंबीर आण, ऊन लई हाय, सगळं तुमच्या कपाटात कुलपात पडलंय. प्रवीणचा फोनही नेला, मूळ आवाज तपासायला. रेश्मानं तो हातातून सोडला नाही, अक्काला आणि मला मिळून तिची बोटं सोडवावी लागली. तुमचा अहवाल छापून आला. फायरमनचा कामचुकारपणा, अक्षर बदललं नाही. नवीन प्रमाणपत्राचा विषय अजून वरच आहे. निमिषला बढती मिळाल्याचं ऐकते. विक्रांतनं नवा बॉयलर बसवलाय. त्याच्या पूजेचे पेढे आमच्या गल्लीत वाटायला माणूस पाठवला होता. अक्कानं पेढा घेतला आणि त्याच्यासमोर गटारात टाकला.

केबलचं विचारत नाही. हेडफोन त्या वकिलाच्या खिशात कुणाच्या सांगण्यावरून तयार होता, तेही राहू दे. तुमच्या गळ्याला भोक पडलेलं नाही. तुमच्या तोंडावर सील नाही, तुम्हाला केबल लागत नाही, दुभाषी लागत नाही, तुमचा प्रत्येक शब्द खरा धरला जातो. मग तिच्या नातीसमोर उभे राहा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा.

त्या व्हॉल्व्हला वजन कुणी टांगलं?